क्रियापदाचे शेपूट



इंग्रजी क्रियापदांवर बोलायला एका युनियनच्या माणसाने उभे राहावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. मलाही वाटते. मी कॉलेजचे तोंड पाहिलेले नाही. दहावीनंतर कारखान्यात हेल्पर म्हणून लागलो आणि पुढे कामगारांनीच मला युनियनच्या कामाला जुंपले. माझे इंग्रजी म्हणजे तर्खडकरांची भाषांतर पाठमाला, रद्दीत मिळालेला एक शब्दकोश आणि कारखान्याचा नोटीस बोर्ड. व्याकरणाचे पंडित या शहरात पुष्कळ आहेत. त्यांच्या शेतात मी नांगर घालणार नाही. इंग्रजी क्रियापदाच्या मागे जोडलेला एक बारीकसा शब्द माणसाच्या आयुष्यातली वर्षे कशी खातो, एवढेच मला सांगायचे आहे. हे मी पुस्तकात वाचलेले नाही, माझ्या हातून घडलेले आहे. म्हणून सुरुवात त्या चुकीपासूनच करतो.

गोष्ट पंचवीसएक वर्षांपूर्वीची. एका कारखान्यात एकवीस दिवसांचा संप झाला. संपाच्या काळात मालकाने चौदा जणांना कामावरून काढले होते. अखेर समेटाची बोलणी झाली आणि रात्री उशिरा तीन पानी इंग्रजी मसुदा पुढे आला. आमच्या बाजूने इंग्रजी वाचणारा मी एकटाच. अकराव्या कलमात लिहिले होते, की हे चौदा कामगार ‘विल बी टेकन ऑन’. मी मनात अर्थ लावला. ‘टेकन’ म्हणजे घेतले जातील, ‘ऑन’ म्हणजे वर. कामावर घेतले जातील! माझ्या मराठी कानाला तो शब्दन् शब्द पटला. सह्या झाल्या. सकाळी द्वारसभेत मी ओरडून सांगितले, ‘चौदाही जण कामावर!’ गुलाल उधळला गेला. कुणीतरी मला खांद्यावर घेतले.

तिसऱ्या आठवड्यात चौदा जणांच्या हातांत पत्रे पडली. ती नव्या नेमणुकीची पत्रे होती. नवी तारीख, नवा हजेरी क्रमांक, सहा महिन्यांचे प्रोबेशन. त्यांत एक फिटर होता, एकोणीस वर्षे नोकरी झालेला. तो पत्र घेऊन माझ्याकडे आला आणि एवढेच म्हणाला, ‘भाऊ, हे कलम तुम्हीच वाचून दाखवलं होतं ना?’

मी वकिलाकडे धावलो. त्यांनी मसुदा पाहिला आणि पेन्सिलीने ‘ऑन’ या शब्दाभोवती गोल काढला. इंग्रजीत कामगाराला ‘टेक ऑन’ करणे म्हणजे नवा माणूस भरती करणे. काढलेला माणूस पूर्वीच्या नोकरीसकट परत घ्यायचा असेल, तर शब्द हवा होता ‘टेक बॅक’. मराठीत दोन्हीला आपण ‘कामावर घेणे’ म्हणतो. इंग्रजीत एकीकडे एकोणीस वर्षे जमा राहतात, दुसरीकडे पाटी कोरी होते. आणि सही झालेला समेट तर दोन्ही पक्षांवर बंधनकारक.

पुढे दोन वर्षांनी त्या कारखान्याचे एक खाते बंद झाले आणि कपातीची यादी लागली. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात कपातीचा एक साधा नियम होता. त्या प्रकारच्या कामात जो शेवटी आला, तो सर्वसाधारणपणे आधी जाईल. तारखेप्रमाणे आमचा फिटर आता शेवटी आलेला ठरत होता. कपातीची भरपाई म्हणजे नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षाला पंधरा दिवसांचा सरासरी पगार. एकोणीस अधिक दोन अशी एकवीस वर्षे धरली असती, तर ३१५ दिवसांचा पगार मिळाला असता. दोनच वर्षे धरली, म्हणून ३० दिवसांचा मिळाला. मधले २८५ दिवस एका शब्दात बुडाले. तो शब्द मी वाचला होता, आणि आनंदाने वाचला होता.

त्या दिवसापासून मी इंग्रजी क्रियापदाकडे पाहताना आधी त्याच्या शेपटाकडे पाहतो.

हे शेपूट काय प्रकरण आहे, ते आता पाहू. इंग्रजीत ‘टेक’, ‘गेट’, ‘पुट’, ‘सेट’, ‘कम’, ‘गो’, ‘लुक’, ‘ले’, ‘कॉल’ अशी लहान लहान क्रियापदे आहेत. त्यांच्यामागे ‘अप’, ‘ऑफ’, ‘आउट’, ‘ऑन’, ‘बॅक’, ‘इंटू’, ‘ओव्हर’ असे शब्द लागतात आणि अर्थ बदलतो. कधी थोडा बदलतो, कधी अगदी उलटा होतो. यात केवळ आपणच अडखळतो असे नाही. सॅम्युएल जॉन्सन या इंग्रज पंडिताने १७५५ मध्ये आपला प्रसिद्ध शब्दकोश छापला. त्याच्या प्रस्तावनेत त्याने स्पष्ट कबूल केले, की क्रियापदाला असे उपशब्द जोडून अर्थ फिरवण्याची आमच्या भाषेची रीत परक्या माणसाला सर्वांत जड जाते. या जोड्यांना आज ‘फ्रेजल व्हर्ब’ म्हणतात. ते नाव लोगन पियरसॉल स्मिथ या लेखकाने १९२५ च्या आपल्या पुस्तकात छापले आणि ऑक्सफर्ड कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांनी ते आपल्याला सुचवले, असे सांगितले. म्हणजे रीत जुनी, पण तिला हे नाव मिळून शंभरच वर्षे झाली.

आपण घाबरून जाण्याचे मात्र कारण नाही, कारण ही युक्ती आपल्या घरातही आहे. इंग्रज क्रियापदामागे ‘अप’ आणि ‘ऑफ’ लावतो, आपण दुसरे क्रियापद लावतो. ‘खाल्ले’ आणि ‘खाऊन टाकले’ यांत जो फरक आहे, तोच ‘ईट’ आणि ‘ईट अप’ यांत आहे. टाकले म्हटले की ताटात काही उरले नाही. ‘करून देतो’ म्हणणारा दुसऱ्यासाठी करतो, ‘करून घेतो’ म्हणणारा स्वतःसाठी, ‘करून ठेवतो’ म्हणणारा पुढच्या सोयीसाठी. ‘करून बसला’ म्हटले, की काहीतरी विपरीत झाले हे न सांगता कळते. आता एखादा इंग्रज मराठी शिकून आमच्या कचेरीत नोकरीला लागला आहे अशी कल्पना करा. मुकादम त्याला सांगतो, ‘तुमचं काम बघतो.’ इंग्रज खूश. दुसरा सांगतो, ‘तुमचं काम बघून देतो.’ तो आणखी खूश. तिसरा डोळे वटारून म्हणतो, ‘तुला बघून घेतो!’ आणि इंग्रज त्याचेही आभार मानतो. आम्ही इंग्रजीत तसेच आभार मानत आलो आहोत.

आता कामाच्या जागी नित्य भेटणाऱ्या काही जोड्या घेऊ.

पहिला शब्द ‘ले ऑफ’. तो इतका रुळला आहे, की निरक्षर कामगारही ‘ले-ऑफ दिला’ म्हणतो. १९५३ च्या दुरुस्तीने हा शब्द १९४७ च्या कायद्यात व्याख्येसह आला. कोळसा, वीज किंवा कच्चा माल नाही, तयार माल तुंबला आहे, यंत्र मोडले आहे, अशा कारणांनी मालक काम देऊ शकत नाही. परंतु कामगाराचे नाव हजेरीपटावर आहे आणि त्याची कपात झालेली नाही, याला ‘ले ऑफ’ म्हणतात. नाव पटावर आहे, हा यातला जीव. म्हणूनच अटी पुऱ्या करणाऱ्या कामगाराला त्या दिवसांचे मूळ वेतन आणि महागाई भत्ता यांच्या निम्मी रक्कम मिळण्याची तरतूद झाली. ‘रिट्रेंचमेंट’ म्हणजे कपात. तिच्यात नाव पटावरून जाते. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता, २०२० लागू झाली आहे. तिच्यातही ‘ले ऑफ’चा गाभा तोच आहे आणि निम्म्या रकमेची तरतूदही आहे. ‘रिट्रेंचमेंट’च्या व्याख्येत मात्र ठरावीक मुदतीची नोकरी मुदत भरून संपली तर ती कपात नव्हे, अशी भर पडली आहे. मुदतीच्या करारावर सही करणाऱ्या मुलामुलींनी ही ओळ आधी वाचावी.

अडचण अशी, की अमेरिकेत याच ‘ले ऑफ’चा अर्थ सरकला आहे. तिथेही पूर्वी तो तात्पुरत्या कामबंदीचा शब्द होता. आता तिथली कंपनी हजारो माणसांना ‘ले ऑफ’ करते, तेव्हा ती बहुधा कायमची काढलेली असतात. आपल्या शहरातली मुले अशा कंपन्यांत काम करतात. त्यांच्यापैकी कुणाच्या घरी असा निरोप आला, तर वडिलांना आपल्या गिरणीतला ‘ले-ऑफ’ आठवतो आणि ते म्हणतात, ‘असू दे, महिन्याभरात बोलावतील.’ शब्द तोच, पण बोलावणे येत नाही.

त्याच्याच शेजारी ‘लेट ऑफ’ आणि ‘लेट गो’ हे दोघे भाऊ राहतात. मराठीत दोघांनाही ‘सोडून दिले’ म्हणता येईल आणि फसगत तिथेच होते. चौकशी झाली आणि कामगाराला ‘लेट ऑफ’ केले, म्हणजे शिक्षा न करता सोडले, किंवा समज देऊन भागवले. त्याने पेढे वाटायला हरकत नाही. ‘लेट गो’ केले, म्हणजे गोड बोलून नोकरीवरून काढले. एकात गुन्हा सोडला, दुसऱ्यात माणूस सोडला. ‘पे ऑफ’ हा तिसरा. कर्ज ‘पे ऑफ’ केले तर ते फिटले. कामगाराला ‘पे ऑफ’ केले तर हिशेब हातावर ठेवून त्याला वाटेला लावले. पैसे मिळाले म्हणून आनंद मानण्याआधी काय फिटले ते पाहावे. कर्ज फिटले की नोकरी फिटली?

दुसरा शब्द आमच्या जिव्हाळ्याचा, ‘स्ट्राइक’. मूळ अर्थ मारणे, आणि जहाजावर शीड खाली उतरवणे. १७६८ मध्ये लंडनच्या खलाशांनी जहाजांची शिडे उतरवून काम बंद पाडले. त्यावरून संपाला हा शब्द चिकटला. आता शेपटे पाहा. कामगार ‘स्ट्राइक’ करतो. मालक नाव ‘स्ट्राइक ऑफ’ करतो, म्हणजे पटावरून खोडतो. न्यायालय एखादा कायदा ‘स्ट्राइक डाउन’ करते, म्हणजे रद्द ठरवते. एकाच क्रियापदाने तिघांच्या हातांत तीन हत्यारे दिली आहेत.

यातले ‘स्ट्राइक ऑफ’ फार दिवस निरुपद्रवी म्हणून वावरत होते. मालक म्हणायचे, आम्ही काढले नाही, कपात केली नाही, शिक्षा केली नाही. कामगार गैरहजर राहिला, नियमाप्रमाणे त्याचे नाव पटावरून आपोआप खोडले गेले. जणू खोडणारा हात कुणाचाच नव्हता. कायद्यातली कपातीची व्याख्या मात्र रुंद होती. शिस्तभंगाची शिक्षा आणि व्याख्येत सांगितलेले इतर अपवाद वगळता मालकाने कोणत्याही कारणाने नोकरी संपवली, तर ती कपातच. १९७६ मध्ये स्टेट बँकेच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ‘कोणत्याही कारणाने’ या शब्दांचा अर्थ शब्दशः घेतला. पुढच्याच वर्षी दिल्लीच्या एका गिरणीच्या खटल्यात पटावरून नाव खोडणे हीदेखील कपातच, असे त्याच न्यायालयाने धरले. म्हणजे नोटीस आणि भरपाई आलीच. क्रियापदाला कर्ता असतो, एवढीच गोष्ट न्यायालयाने मान्य केली. पण त्या गोष्टीने कितीतरी चुली पेटत्या राहिल्या.

तिसरी जोडी ‘कॉल आउट’ आणि ‘कॉल ऑफ’. युनियन कामगारांना ‘कॉल आउट’ करते, म्हणजे संपावर बोलावते. संप ‘कॉल ऑफ’ करते, म्हणजे मागे घेते. ‘कॉल फॉर’ म्हणजे मागणी करणे, ‘कॉल ऑन’ म्हणजे आवाहन करणे किंवा एखाद्याच्या घरी भेटीला जाणे. १९७४ चा रेल्वे संप ८ मे रोजी सुरू झाला आणि २७ मे रोजी ‘कॉल ऑफ’ झाला. हार झाली होती, पण ज्यांनी हाक दिली त्यांनीच ती परत घेतली. मुंबईच्या गिरण्यांचा संप १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. माणसे थकली, गावी गेली, काही मुकाट्याने परतली, कित्येक गिरण्या पुन्हा नीट उघडल्याच नाहीत. पण तो संप विधिपूर्वक ‘कॉल ऑफ’ झालाच नाही. कोशात ‘कॉल ऑफ’साठी एक ओळ पुरते. ती ओळ उच्चारली न गेल्याने काय होते, हे गिरणगावातल्या घराघराला विचारावे.

चौथी जोडी कचेऱ्यांतली. अर्ज केला, की उत्तर येते, आपले प्रकरण ‘लुक इंटू’ करीत आहोत. ‘लुक इंटू’ म्हणजे आत डोकावून चौकशी करणे. चौकशीनंतर काही करण्याचे वचन त्यात नाही. ‘सी टू’ म्हटले असते, तर ती गोष्ट मार्गी लावण्याची जबाबदारी पत्करली असती. ‘लुक आफ्टर’ म्हणजे सांभाळ करणे. ‘लुक ओव्हर’ म्हणजे वरवर नजर फिरवणे किंवा तपासून पाहणे. आणि हेच दोन शब्द उलटे करून जोडले, ‘ओव्हरलुक’ केले, की अर्थ होतो नजरेतून निसटणे, किंवा मुद्दाम कानाडोळा करणे! आमच्या एका कार्यकर्त्याने सुरक्षिततेबद्दलच्या अर्जात साहेबांना विनंती केली, की यंत्राचे तुटलेले संरक्षक कडे कृपया ‘ओव्हरलुक’ करावे. साहेबांनी विनंती मान्य केली.

पाचवा प्रकार शेपटाचा नाही, पण त्याच कुळातला आहे. ‘स्टॉप्ड टॉकिंग’ म्हणजे बोलणे थांबवले. ‘स्टॉप्ड टु टॉक’ म्हणजे बोलण्यासाठी थांबला. आरोपपत्राच्या उत्तरात कामगाराला लिहायचे असते, की मुकादम येताच मी बोलणे थांबवले. तो लिहितो ‘आय स्टॉप्ड टु टॉक’, आणि स्वतःच्या सहीने कबूल करतो, की मी काम सोडून बोलत उभा राहिलो. तसेच ‘रिमेंबर’चे. कुलूप लावल्याचे आठवते, हे ‘रिमेंबर लॉकिंग’. कुलूप लावायची आठवण ठेवणे, हे ‘रिमेंबर टु लॉक’. पहिले मागे पाहते, दुसरे पुढे. आणि ‘यूज्ड टु वर्क’ म्हणजे पूर्वी काम करीत असे, आता नाही. ‘ॲम यूज्ड टु वर्किंग’ म्हणजे कामाची सवय आहे. मुलाखतीत रात्रपाळीची सवय आहे असे सांगायला गेलेला मुलगा रात्रपाळी सोडल्याचे सांगून येतो.

‘मस्ट नॉट’ आणि ‘नीड नॉट’ ही जोडीही अशीच. पहिल्यात मनाई आहे, दुसऱ्यात मुभा आहे. आपली मराठी इथे स्वतःच संदिग्ध आहे. ‘तुम्ही यायला नको’ म्हटले, तर येऊ नका असा अर्थ होतो की यायची तसदी घेऊ नका असा? सूर ऐकल्याशिवाय कळत नाही. कागदाला सूर नसतो. भट्टीजवळच्या पाटीवर ‘नीड नॉट एंटर’ लिहिले, तर माणूस मनात म्हणेल, गरज नाही, पण गेलो तर काय बिघडले? तिथे ‘मस्ट नॉट’ हवे, आणि शेजारी ठळक मराठीत ‘आत जाण्यास सक्त मनाई’ हवे.

आपण गोंधळतो याची फार लाज बाळगू नये. इंग्रजी ज्यांची आई आहे, तेही गोंधळतात. दुसऱ्या महायुद्धात इंग्रज आणि अमेरिकन अधिकारी एका टिपणावरून बराच वेळ भांडले, अशी हकीकत चर्चिलसाहेबांनी आपल्या युद्धाच्या इतिहासात दिली आहे. इंग्रजांना ते टिपण ‘टेबल’ करायचे होते, म्हणजे लगेच चर्चेला घ्यायचे होते. अमेरिकनांच्या बोलीत ‘टेबल’ करणे म्हणजे बाजूला ठेवणे. दोघांनाही हवे होते एकच, तरी वाद रंगला. आपल्या संस्थांच्या सभांत ठराव ‘टेबल’ झाला असे कुणी म्हणाले, तर कोणत्या देशाच्या रीतीने, हे विचारून घ्यावे.

आता सर्वांत मोठ्या करारनाम्याकडे वळतो. तो आपल्या सर्वांचा आहे, आपली राज्यघटना. १९५० साली ती अमलात आली, तेव्हा तिच्या ४५ व्या अनुच्छेदात चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाची गोष्ट होती, दहा वर्षांच्या आत. पण क्रियापद होते ‘शाल एंडेव्हर टु प्रोव्हाइड’. राज्य देण्याचा प्रयत्न करील. शिवाय ते कलम मार्गदर्शक तत्त्वांत होते आणि ती तत्त्वे न्यायालयातून वसूल करता येत नाहीत, असे ३७ व्या अनुच्छेदात सांगितलेच आहे. दहा वर्षे १९६० साली संपली. मुले गुरांमागे, चहाच्या टपरीवर आणि विटांच्या भट्टीवर राहिली. पुढे २००२ च्या ८६ व्या दुरुस्तीने २१ अ हा अनुच्छेद मूलभूत हक्कांत घातला गेला. त्यात सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी क्रियापद आले ‘शाल प्रोव्हाइड’. राज्य देईल. मधला ‘एंडेव्हर’ गळला. १ एप्रिल २०१० पासून ते अमलात आले. १९५० ते २०१०, ‘देण्याचा प्रयत्न करील’ पासून ‘देईल’ पर्यंतचा रस्ता साठ वर्षांचा झाला. केवळ शब्द बदलल्याने शाळा उघडत नाहीत, हे मला ठाऊक आहे. पण शब्द बदलल्याशिवाय शाळा मागता येत नाही, हेही तितकेच खरे.

आणि हिशेब अजून पुरा झालेला नाही. त्याच दुरुस्तीने ४५ वा अनुच्छेद नव्याने लिहिला गेला. सहा वर्षांखालच्या मुलांचे संगोपन आणि शिक्षण हा त्याचा विषय. क्रियापद पुन्हा तेच, ‘शाल एंडेव्हर’. अंगणवाडीतल्या मुलापुढे प्रयत्न ठेवला आहे, हक्क नाही. कामगाराच्या निर्वाह वेतनाबद्दलच्या ४३ व्या अनुच्छेदातही ‘शाल एंडेव्हर’च आहे. १९७६ मध्ये आलेल्या ४३ अ मध्ये कामगारांच्या व्यवस्थापनातील सहभागासाठी ‘शाल टेक स्टेप्स’ असे आहे, पावले उचलील. प्रयत्न करील, पावले उचलील, देईल, या तीन पायऱ्या आहेत. आपण कोणत्या पायरीवर उभे आहोत, हे क्रियापदच सांगते.

तेव्हा करायचे काय? मी आमच्या कार्यकर्त्यांना काही साध्या गोष्टी सांगतो. त्या घरभाड्याच्या करारापासून बँकेच्या कागदापर्यंत सर्वांना उपयोगी पडतील.

इंग्रजी कागद वाचताना प्रत्येक क्रियापदाखाली रेघ मारा आणि त्याच्या मागचा बारीक शब्द रेघेत घ्या. दोन्ही मिळून एक शब्द समजा आणि कोशात तो जोडशब्दच शोधा. नुसते ‘टेक’ पाहून परत येऊ नका.

लांबलचक शब्दाला भिऊ नका, आखूड शब्दाला भ्या. १०६६ नंतर इंग्लंडवर नॉर्मनांचे राज्य आले आणि तिथल्या कायद्यात फ्रेंच व लॅटिन शब्दांची भरती झाली. ‘रीइन्स्टेट’, ‘टर्मिनेट’ हे त्याच घराण्यातले. ते दिसायला अवजड, पण बहुधा एका जागी उभे राहतात. आमच्या त्या अकराव्या कलमात ‘टेकन ऑन’ऐवजी ‘रीइन्स्टेटेड विथ कंटिन्यूइटी ऑफ सर्व्हिस’ हवे होते, म्हणजे नोकरीत खंड न पडता पूर्वपदावर घेतले जातील. मला ते वाचायला कोश उघडावा लागला असता. बरे झाले असते.

प्रत्येक क्रियापदाला तीन प्रश्न विचारा. कोण करणार? केव्हापर्यंत करणार? न केल्यास काय? ‘विचार करण्याचे मान्य करतो’ हे वाक्य तिसऱ्या प्रश्नापाशी गप्प बसते.

कराराची मराठी प्रत मागा. दोन प्रतींत फरक पडल्यास कोणती खरी धरायची, तेही लिहून घ्या. आणि थकलेल्या डोळ्यांनी मध्यरात्री सही करू नका. सकाळपर्यंत थांबल्याने खरा समेट मोडत नाही.

शेवटची गोष्ट माझ्यापुरती. अर्थ कळला नाही, तर ‘मला हे कळले नाही’ असे चार माणसांत म्हणा. त्या रात्री मला ‘ऑन’चा अर्थ ठाऊक नव्हता असे नाही. तो ठाऊक आहे असे मला वाटत होते, आणि वाटत नसते तरी मी विचारले नसते. समोर सुटाबुटातली माणसे होती आणि आमच्या बाजूने इंग्रजी जाणणारा मी एकटा होतो. ती ऐट सांभाळायला लागलेली किंमत मी भरली नाही, चौदा जणांनी भरली. पुढच्या करारात, तीन वर्षांनी, त्यांच्यातल्या नऊ जणांची मागली नोकरी आम्ही धरून घेतली. बाकीचे पाच तोवर निघून गेले होते. फिटर त्या पाचांत होता.

तो पुढे आमच्या पेठेत सायकल दुरुस्तीचे दुकान घालून बसला. मी जाता-येता थांबत असे. एकदा त्याने नातवाचे इंग्रजीचे पुस्तक माझ्यापुढे धरले आणि म्हणाला, ‘भाऊ, याला तेवढं नीट शिकवा.’ त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर मला सोपे गेले असते. त्या मुलाला मी दोन वर्षे शिकवले, आणि शिकवता शिकवता मीच शिकलो. आज आपणांपुढे जे मांडले, त्यातले निम्मे त्या दुकानातल्या बाकावरचे आहे.